मी भूगोल घेतला तो उन्हाळा

आमच्या घरी पाहुणा आला की त्याला आधी पाणी मिळायचं आणि मग बसायला. उन्हातून आलेला माणूस ओटीवर चपला काढतोय न काढतोय तोच दादा आत हाक मारायचे, "हेमू, विहिरीचं आण गं!" आम्ही वडिलांना दादा म्हणायचो. विहिरीचं म्हणजे आमच्या वाडीतल्या विहिरीचं, माठात रात्रभर ठेवलेलं, घासूनपुसून लख्ख केलेल्या तांब्यातून. पाहुणा पिऊ लागला की दादा त्याच्या गळ्याकडे बघत उभे राहायचे. तो "वा!" म्हणाला की दादांचा चेहरा असा खुलायचा, की जणू ते पाणी त्यांनी स्वतः बसून बनवलं होतं. एखादा नुसताच पिऊन तांब्या खाली ठेवणारा निघाला तर दादा त्याला आणखी एक तांब्या द्यायचे. चव लागेपर्यंत त्याची सुटका नसे.

विरारजवळच्या आगाशीपासून पायी वीसेक मिनिटांवर आमची वाडी. केळी, पानवेली, कडेला नारळ आणि घराजवळच्या दोन वाफ्यांत मोगरा. सकाळी डोळे उघडण्याआधी कानाला पंपाची धडधड लागायची. ती मध्येच थांबली की आई स्वयंपाकघरातून न बघता सांगायची, "वीज गेली." वाडीच्या टोकाला बावखल होतं, म्हणजे पावसाचं पाणी साठवायला पूर्वजांनी खणलेलं छोटं तळं. त्याच्या काठावर आम्ही आळीतल्या मुली केळीचे घड धुवायचो आणि एकमेकींना भिजवायचो. दुपारी बाराला शेजारच्या गावातल्या चर्चची घंटा ऐकू यायची. आई त्या घंटेवर भात उतरवायची. राजेळी केळी उन्हात वाळवून त्यांची सुकेळी व्हायची तेव्हा हिवाळाभर अंगणात मधासारखा वास भरून राहायचा. घरात आम्ही आमची वाडवळी बोलायचो. तिची खुमारी मला कागदावर उतरवता येत नाही, म्हणून इथे घरातल्यांची बोलणी सगळ्यांना कळतील अशीच लिहिते आहे. दादांनी वाचलं तर ते म्हणतील, "असा मी कधी बोललो?"

ज्या उन्हाळ्याबद्दल सांगायचं आहे त्या वेळी मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. माझ्याकडे अर्थशास्त्र आणि भूगोल असे दोन विषय होते आणि तिसऱ्या वर्षाला त्यातला एक धरून दुसरा सोडायचा होता. हल्ली याला मेजर म्हणतात. माझ्याकडे सल्ला विचारायला येणारी मुलं फोनवर दहा-दहा पर्याय उघडून बसतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला माझाच त्या वेळचा चेहरा दिसतो. फॉर्म साधा एका पानाचा होता. परीक्षा संपल्यावर दीड महिन्याच्या आत तो पालकाच्या सहीनिशी कॉलेजच्या ऑफिसात द्यायचा होता. मी तो पेन्सिलीने भरला होता. पहिल्या दिवशी अर्थशास्त्र लिहिलं, दुसऱ्या दिवशी खोडून भूगोल, चौथ्या दिवशी पुन्हा अर्थशास्त्र. खोडून खोडून त्या चौकोनातला कागद इतका पातळ झाला की मागचा उजेड दिसू लागला.

माझी अडचण अशी होती, की जो शेवटी बोलेल त्याचं मला पटायचं. आईचे भाऊ वसंतमामा बँकेत अधिकारी होते. विरारला स्टेशनजवळ फ्लॅट घेऊन राहायचे आणि दर रविवारी सकाळी आमच्याकडे यायचे. आमच्या सगळ्या गोतावळ्यात मोबाइल फक्त त्यांच्याकडे होता, तोही ते कमरेला पाकिटात लावायचे. मामा म्हणाले, "अर्थशास्त्र घे, बँकेच्या परीक्षा दे, तिशीच्या आत ऑफिसर होशील." मला पटलं. मग आमच्या शाळेतल्या जुन्या बाई भेटल्या, म्हणाल्या, "बी.एड. कर, बायकांना शिक्षकीसारखं काही नाही." तेही पटलं. माझी मैत्रीण रेश्मा म्हणाली, "अर्थशास्त्र घेऊन एम.बी.ए. करू ना यार, दोघी मिळून." त्या संध्याकाळी मी एम.बी.ए. झालेसुद्धा होते. आईला विचारलं तर ती म्हणाली, "काहीही घे, पण जेवायला बसायच्या आधी घे. रोज तुझं ताट मला दोनदा वाढावं लागतं." आणि दादा? ते एवढंच म्हणायचे, "वसंताला कळतं त्यातलं." म्हणजे त्यांचं मत मामांच्या पारड्यात होतं. भूगोल घे असं मला कुणीच सांगत नव्हतं. भूगोल घेऊन माणूस पुढे काय होतो हेच आमच्याकडे कुणाला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

भूगोल शिकवायला लोपीस सर होते. सायकलवरून यायचे, पँटला खाली क्लिपा लावलेल्या, कॅरिअरवर गुंडाळलेले नकाशे. ते वर्गात जगाबद्दल कमी आणि वसईबद्दल जास्त बोलायचे. एकदा त्यांनी फळ्यावर एक वाटी काढली आणि म्हणाले, "समुद्राजवळच्या जमिनीत खालून खारं पाणी असतंच. आपल्या विहिरीतलं गोडं पाणी त्याच्यावर तरंगत असतं, दुधावर साय असते तसं. बावखलं भरलेली असली की साय जाड होते. बावखलं बुजवली आणि पंप लावून साय ओरपत राहिलं, की एक दिवस चमचा दुधात बुडतो." वर्ग हसला. मी हसले नाही, कारण मला एकदम वाटलं, की आपल्या पायाखाली काहीतरी हलतं आहे आणि आपण आजवर त्याच्यावर नुसते चालत होतो.

त्या वर्षीच्या प्रकल्पासाठी सरांनी मला आमच्या भागातल्या विहिरी दिल्या. परीक्षा झाल्यावर पाणी सर्वांत खाली जातं तेव्हा करायचं होतं ते काम. सरांनी दोरी दिली, एक वही दिली आणि जाड्या पेनाएवढं एक यंत्र दिलं. पाण्यात बुडवलं की त्यात किती क्षार आहेत त्याचा आकडा दाखवायचं ते. मी आणि रेश्मा सकाळी सातलाच निघायचो. रेश्माचा विषय हा नव्हता, पण तिच्या विरारच्या इमारतीत टँकरने पाणी यायचं आणि विहीर ही वस्तू तिने जवळून पाहिली नव्हती. प्रत्येक विहिरीत वाकून ती आधी स्वतःचं नाव ओरडायची आणि प्रतिध्वनी आला की खूश व्हायची. लोक फार प्रेमाने वागले. कुणी ताडगोळे दिले, कुणी पन्हं दिलं, एका आजोबांनी विहीर कुणी खणली, कोणत्या दगडाने बांधली, त्यात कोण कोण पडलं आणि वाचलं, हे सगळं तासभर सांगितलं आणि शेवटी विचारलं, "पण तुम्ही पोरी नक्की कशासाठी आलात?" आकडा चांगला आला की लोकांची छाती फुगायची. वाईट आला की म्हणायचे, "यंत्र बिघडलंय तुमचं."

मी मात्र त्या दिवसांत इतकी आनंदात होते, की फॉर्मची आठवणसुद्धा व्हायची नाही. घरी येऊन आलेखाच्या कागदावर नकाशा काढायचे. गोड्या पाण्याची विहीर निळी, मचूळ हिरवी, खारी तांबडी. रंग भरता भरता त्यात एक आकार दिसायला लागला. तांबडे ठिपके समुद्राच्या बाजूने एका रांगेत आत सरकत होते, आणि जिथे बावखल शाबूत होतं तिथे ती रांग बाकदार होऊन मागे हटत होती. मला कुणी न सांगता, माझ्याच हाताखालून ते उमटत होतं. आजवर मी पुष्कळ नकाशे केले, पण त्या आलेखाच्या कागदावरचा तो बाक पाहून जसा आनंद झाला तसा पुन्हा क्वचितच झाला.

आमची विहीर मी शेवटी ठेवली होती. तिचा आकडा मला मोजायच्या आधीच ठाऊक आहे असं वाटायचं. एका दुपारी दादा पानवेलींत काम करत होते तेव्हा मी दोरी सोडली, पाणी वर काढलं आणि यंत्र बुडवलं. आकडा बघून मी यंत्र पुसलं आणि पुन्हा बुडवलं. मग धावत शेजारच्या राऊतकाकांच्या विहिरीवर गेले, तिथे यंत्र बरोबर चालत होतं. परत आले. आमची विहीर त्या सगळ्या आळीत सर्वांत खारी होती. रोज तेच पिणाऱ्या माझ्या जिभेला ते कधी कळलंच नव्हतं.

मी तो आकडा वहीत लिहिला नाही. नकाशावर आमच्या घराशेजारी एक पांढरं वर्तुळ तसंच ठेवलं. सरांना दाखवायला नेलं तेव्हा त्यांनी बाक पाहिला, चष्मा काढून पुन्हा पाहिला आणि "शाब्बास" म्हणाले. मग बोट पांढऱ्या वर्तुळावर ठेवलं. "नकाशात पांढरं ठेवलं, तर तिथे कुणी पोचलं नाही असा अर्थ होतो. इथे कुणी पोचलं नाही का?" मी म्हटलं, "ती आमची आहे, सर." सर म्हणाले, "मग तूच ठरव. मी तुझ्या घरातल्या विहिरीचा रंग सांगणार नाही." मी आठ दिवस पाहुण्यांना पाणी देत राहिले आणि दादांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत राहिले.

याच सुमारास पापड बिघडले. दर उन्हाळ्यात आमच्या अंगणात तांदळाचे पापड व्हायचे आणि आळीतल्या बायका लाटायला यायच्या. उकडीच्या पिठाचा वास, लाट्या चोरून तेलात बुडवून खाणं, आणि गप्पा. त्या वर्षी पापड वाळल्यावर तडकले आणि तळून पाहिले तर खारट. आई म्हणाली, "मीठ मी नेहमीचंच घातलंय. तांदूळच वाईट." तांदूळ मामांनी आणला होता. रविवारी मामा आले तेव्हा त्यांना तळलेला पापड आणि हा आरोप दोन्ही एकदमच मिळाले. मामा दुखावले. "ताई, याच तांदळाचे आमच्या हिने केले ते उत्तम झालेत. तुझं पाणी बघ."

पाच-सहा बायका लाटणी धरून थांबल्या. अर्नाळ्याहून मासळी घेऊन येणारी काशीबाय पाटी उतरवून सावलीला बसली होती, तिनेही मान वर केली. आमच्या पाण्याला कुणी नाव ठेवल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

दादा केळीच्या पानांचा भारा टाकून पुढे आले. "पाणी?" ते म्हणाले. "वसंता, आमच्या पाण्याबद्दल बोलतोस?"

मामांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "हेमाकडे यंत्र आहे ना? बघू या की मोजून."

"यंत्र कशाला?" दादा म्हणाले. "या भागातल्या कुठल्याही विहिरीचं पाणी माझ्या जिभेवर ठेवा. डोळे मिटून सांगतो कुठलं ते. यंत्राला आकडा कळतो, पाणी कळत नाही."

झालं. पापड राहिले बाजूला. पुढच्या रविवारी परीक्षा घ्यायची ठरली आणि मामांनी ती बँकेच्या शिस्तीत हाती घेतली. सहा ठिकाणचं पाणी, सहा सारखे तांबे, प्रत्येकाच्या बुडाला चिठ्ठी, आणि यादी फक्त मामांच्या खिशात. देवळामागची विहीर, राऊतकाकांची, शाळेच्या नळाचं, रेश्माच्या इमारतीतलं टँकरचं, काशीबाय अर्नाळ्याच्या विहिरीतून आणणार ते, आणि आमचं. तो आठवडा मला फार जड गेला. दादांना आधीच सांगावं असं रोज वाटायचं. एकदा मी पानवेलींत त्यांच्याजवळ जाऊन उभीही राहिले. ते एका वेलीची पानं उलटीसुलटी करून बघत होते. पानांच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. मला पाहून त्यांनी हातातलं पान सोडून दिलं आणि विचारलं, "फॉर्म भरलास?" मी म्हटलं, "भरते." आणि परत आले.

रविवारी सकाळी आमच्या अंगणात लग्नासारखी माणसं. आईने सगळ्यांसाठी पोहे केले आणि वर ओलं खोबरं. लोपीस सरांना रेश्माने परस्पर आमंत्रण दिलं होतं. तेही पँटच्या क्लिपा न काढता येऊन बाकावर बसले. दादांच्या डोळ्यांवर आईचा मोगऱ्याच्या वासाचा रुमाल बांधला. मामा वही उघडून समोर बसले. तांबे मी हातात द्यायचे होते, पण कुठला कुणाचा हे मलाही माहीत नव्हतं.

पहिला तांब्या. दादांनी घोट घेतला, जिभेवर फिरवला, गिळला. "देवळामागची. पिंपळाची पानं पडतात हिच्यात, मागून तुरट लागते." मामांनी वहीत टिक केली. टाळ्या. दुसरा तांब्या ओठांना लावल्या लावल्या त्यांनी तोंड वाकडं केलं. "हे पाणी नाही, गंजलेली पत्र्याची टाकी आहे." रेश्मा ओरडली, "आमचं! आमचं!" जणू बक्षीसच मिळालं होतं. तिसरं शाळेचं निघालं. "औषध टाकलंय यात," दादा म्हणाले. चौथा तांब्या त्यांनी तोंडाला लावला आणि खाली ठेवला. "हा नंतर." पाचवं राऊतकाकांचं. "गोड आहे, पण पोटाला जड." राऊतकाका म्हणाले, "जड तुझं पोट आहे!" आणि अंगण हसण्यात बुडालं.

सहावा तांब्या दादांनी दोनदा चाखला. कपाळाला आठ्या पडल्या. "हे मघाचंच आहे. तिसरं. शाळेचं."

"शक्य नाही," मामा म्हणाले. "शाळेचं एकदाच आहे. माझ्याकडे नोंद आहे."

"नोंद असू दे. पाणी तेच आहे."

मामा यादी पुन्हा पुन्हा वाचू लागले. "हे अर्नाळ्याचं आहे, चूक झाली तुमची," असं ते म्हणणार तेवढ्यात काशीबाय पदराआड हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. "चूक नाय रं बाबा," ती म्हणाली. "डोक्यावर मावऱ्याची पाटी, वर अर्नाळ्याशी पानी कोन वाहील? मी वाटेत शाळेच्या नळावर भरलं ते. पानी तं पानी, म्हटलं, कोनाला काय कलतंय!"

मग काय गोंधळ झाला म्हणता! मामांनी वही मिटली, पुन्हा उघडली, आणि सगळी परीक्षा रद्द करावी लागेल असं जाहीर केलं. कुणी ऐकलं नाही. राऊतकाकांनी दादांच्या पाठीवर थाप मारली. लोपीस सर उभे राहून टाळ्या वाजवत होते. दादा रुमालाखाली हसत होते, आणि मला त्या क्षणी देवाला सांगावंसं वाटलं, की आता इथेच संपव.

"चौथा राहिला," मामा म्हणाले.

दादांनी हात पुढे केला. मी तांब्या दिला. त्यांनी तो प्यायलाच नाही. नुसता दोन्ही हातांत धरला आणि रुमाल सोडायला मान माझ्याकडे वळवली. मी गाठ सोडली. त्यांनी त्या पाण्यात बघितलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "हे माझं. तीन उन्हाळे झाले, खारट झालंय. मला पहिल्या घोटालाच कळलं होतं. तेव्हाच, तीन वर्षांपूर्वी."

आई ओटीच्या कडेला टेकली. माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, मलाही माहीत होतं. पंधरा दिवस झाले. मी मोजलं आणि लिहिलंच नाही."

दादा माझ्याकडे वळले. तेवढ्यात काशीबाय म्हणाली, "मंग आमी काय येडी हाव? दोन वर्सं तुजं पानी पिते नि वर गुळाचा खडा मागते. तुला वाटलं, म्हातारीला गोडाची सवय लागली!" राऊतकाका खोकले आणि म्हणाले, "मीसुद्धा हल्ली घरून पिऊनच येतो." एका काकूंनी कबूल केलं, की त्या तांब्या तोंडाला लावून नुसतं "वा!" म्हणतात. एकेक जण बोलू लागला. साऱ्या आळीला माहीत होतं आणि साऱ्या आळीने दादांचं मन राखलं होतं. पहिल्यांदा दादाच हसले. असे हसले, की हातातल्या तांब्यातलं पाणी धोतरावर सांडलं. मग आई हसली, मी हसले आणि मामासुद्धा. हसता हसता मामांना एकदम आठवलं आणि ते म्हणाले, "म्हणजे तांदूळ चांगला होता!"

दुपारी जेवायला मामा, सर आणि रेश्मा थांबले. काशीबायने दिलेले ताजे बोंबील, तांदळाची भाकरी, कैरी घातलेली डाळ, आणि राऊतकाकांकडून आणलेलं पाणी. सरांनी दादांना बावखलाचं आणि सायीचं सांगितलं. दादा घास हातात धरून ऐकत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हेमू, तू वसंता सांगतो तेच कर. अर्थशास्त्र घे. या पाण्याच्या नादाला लागू नकोस. मी जन्मभर त्याची चाकरी केली, तरी ते मला न सांगता बदललं."

शेवटचा बोलणारा ते होते. दादांसारखा माणूस, आणि तेही इतक्या मायेने. माझ्या सवयीप्रमाणे मला ते पटायला हवं होतं. मी वाट पाहिली. नाही पटलं. ही भावना माझ्यासाठी इतकी नवी होती, की मी भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"नाही, दादा," मी म्हटलं. "पाणी खारट झालं हे तुम्हाला जिभेनं कळलं. पण का झालं, कुठवर येणार, मागे फिरवता येईल का, ते आपल्याला कुणालाच कळत नाही. मला ते कळून घ्यायचंय. मी भूगोल घेणार. त्याच्यापुढे एम.ए.ला पण तेच."

"आणि नोकरी कसली मिळेल?" मामांनी विचारलं. रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून.

"ठाऊक नाही, मामा."

मामांनी थोडा विचार केला. "निदान तीन पेपर याचे, तीन त्याचे घे. तशी सोय आहे ना?" सोय होती. पूर्वीची मी असते तर आनंदाने उडी मारली असती. मी नको म्हटलं. लोपीस सर खाली बघून बोंबलाचा काटा काढत होते. त्यांनी एका शब्दानेही माझी बाजू घेतली नाही, आणि याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. रेश्मा म्हणाली, "म्हणजे एम.बी.ए. मी एकटीच करू?" आणि आईने विचारलं, "ठरलं ना? मग भात वाढू?"

जेवणानंतर फॉर्म आणला. तो झिरझिरीत चौकोन पाहून मामांनी कपाळाला हात लावला, आणि मग स्वतःच्या खिशातलं पेन काढून मला दिलं. मी लिहिलं. कागद फाटला नाही. दादांनी पालकाच्या जागी सही केली आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसले. संध्याकाळी मी नकाशावरचं पांढरं वर्तुळ तांबडं केलं. दादा मागे उभे होते. "जरा गडद कर," ते म्हणाले, "खोटं नको."

त्या पावसाळ्यात दादांनी पंपाचे तास निम्म्यावर आणले, कौलांवरचं पाणी पन्हळीने विहिरीत सोडलं आणि आळीतल्या चार माणसांना घेऊन गाळाने निम्मं भरलेलं आमचं बावखल उपसलं. विहीर पूर्वीसारखी गोड काही झाली नाही. तिसऱ्या वर्षी आकडा थोडा उतरला एवढंच, आणि त्या दिवशी आईने शिरा केला. मी बी.ए. झाले, एम.ए.ला विद्यापीठात गेले, आणि तिथे पुन्हा तेच आलं, प्रबंधिकेला विषय कुठला घ्यायचा. वर्गातल्या मुली हिमालय घेत होत्या, वाळवंट घेत होत्या. एका प्राध्यापकांनी मला प्रेमाने समजावलं, की स्वतःच्या अंगणाबाहेर पडल्याशिवाय अभ्यास मोठा होत नाही. मी त्यांचं शांतपणे ऐकून घेतलं, आभार मानले आणि अर्नाळ्यापासून नायगावपर्यंतच्या विहिरी घेतल्या. पुढे मी पुष्कळ अंगणांबाहेर गेले, भूजलाच्या कामासाठी कुठल्या कुठल्या जिल्ह्यांत राहिले, पण ती निवड मला कधी लहान वाटली नाही.

त्या प्रबंधिकेच्या कामाला मला माणूस हवा होता. फीत धरायला, दोरी सोडायला. दादा म्हणाले, "मी येतो." जे दादा दुपारी वाडी सोडून कुणाच्या बारशालाही जात नसत, ते महिनाभर रोज माझ्या स्कूटरच्या मागच्या सीटवर, डोक्याला पंचा गुंडाळून, मांडीवर बाटल्यांची पिशवी धरून बसले. प्रत्येक विहिरीवर ते आधी एक घोट चाखायचे आणि मला म्हणायचे, "आता तुझं यंत्र काय म्हणतं ते बघू." बहुतेक वेळा दोघांचं जमायचं. जमलं नाही की वाद व्हायचा आणि मी पुन्हा मोजायचे. दोनदा यंत्र चुकलं होतं.

शेवटची विहीर नायगावला, खाडीच्या अंगाला. आजूबाजूला इमारतींचे पाये खणायला सुरुवात झाली होती. विहिरीचे मालक वयस्कर होते, दादांच्याच वयाचे. शर्टाच्या बाह्या वर करून, भर उन्हात गुडघे टेकून दादा फितीचं टोक विहिरीच्या कठड्याला धरून बसले होते आणि मी वहीत लिहीत होते. मालकांनी आम्हा दोघांकडे पाहिलं. मग, मोठा माणूस बघून, त्यांनी दादांनाच विचारलं, "साहेब, तुम्ही सरकारी खात्यातून आलात का?"

दादांनी फीत सोडली नाही. त्यांनी हनुवटीने माझ्याकडे खूण केली.

"साहेब त्या," ते म्हणाले. "मी फक्त फीत धरतो."